दापोडीच्या बागेतील डॉक्टर

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल खडकी सोडते, मुळेचा पूल ओलांडते आणि दापोडीच्या स्थानकात थांबते. कारखाने, वसाहती आणि वाहनांची वर्दळ यांनी वेढलेल्या या परिसरात एकेकाळी मुंबई इलाख्याची सरकारी वनस्पती बाग होती, हे उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. इंग्रजांच्या कागदपत्रांत या गावाचा उल्लेख दापुरी असा येतो. ही बाग नावारूपाला आणणारा गृहस्थ पेशाने शल्यचिकित्सक होता. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे त्यांचे नाव. मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून जंगलांच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे. बागकामाची हौस असलेल्या आजच्या नागरिकाशी मात्र त्यांचे नाते निराळेच आहे. सह्याद्रीच्या खडकाळ उतारांवर पावसाळा सरता सरता निळसर जांभळ्या मंजिऱ्यांनी फुलणाऱ्या एका देशी लॅव्हेंडरला त्यांचे नाव दिलेले आहे. शास्त्रीय परिभाषेत ते लॅव्हॅन्ड्युला गिब्सनी. तुळस आणि पुदिना ज्या कुळातील, त्याच कुळातील हे झुडूप.

गिब्सन यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८०० रोजी स्कॉटलंडमधील किंकार्डिनशायर परगण्यातील लॉरेन्सकर्क येथे झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी एडिंबरा येथे घेतले. त्या काळी वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वनस्पतिशास्त्र शिकणे अपरिहार्य असे, कारण औषधांचा मोठा भाग झाडपाल्यातूनच येई. स्कॉटलंडमधील अनेक डॉक्टर हिंदुस्थानात येऊन नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ झाले, त्यामागे हेच कारण होते. १८२५च्या सुमारास गिब्सन ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील वैद्यकीय सेवेत दाखल झाले. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती.

दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्यांच्या आयुष्याला खरी दिशा मिळाली. मुंबईत ही लस १८०२ साली पोहोचली होती. परंतु ती बाटलीत भरून ठेवता येण्यासारखी वस्तू नव्हती. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातील द्रव घेऊन तो दुसऱ्याच्या दंडावर टोचायचा, त्याच्याकडून तिसऱ्याच्या, अशी ती साखळी गावोगाव चालवावी लागे. साखळी तुटली की लस गेली. साहजिकच टोचणाऱ्या डॉक्टरला एका जागी बसून चालत नसे. ऋतू पाहून, घोड्यावरून, तंबू घेऊन त्याला मुलुख पालथा घालावा लागे आणि देवीचा कोप म्हणून आजाराकडे पाहणाऱ्या आयाबापांची समजूत त्यांच्याच भाषेत घालावी लागे. गिब्सन मराठी, गुजराती व हिंदुस्तानी शिकले. कोणत्या गावाच्या माळावर काय उगवते, लोक ते कशासाठी वापरतात आणि कोणत्या नावाने ओळखतात, याची माहिती अशा भटकंतीत आपोआप गोळा होते. ग्रंथालयात बसून ती मिळाली नसती.

मुंबईत त्याच सुमारास जॉन ग्रॅहम नावाचे टपाल खात्यातील एक अधिकारी इलाख्यातील वनस्पतींची यादी तयार करीत होते. पश्चिम हिंदुस्थानातील वनस्पतींचा असा पद्धतशीर लेखाजोखा तोवर झालेला नव्हता. छपाई पूर्ण होण्याआधीच, मे १८३९मध्ये, ग्रॅहम खंडाळ्यास वारले. वय अवघे ३४. राहिलेले काम जोसेफ निम्मो यांनी पुरे केले आणि त्याच वर्षी ग्रंथ बाहेर आला. सह्याद्रीतल्या लॅव्हेंडरला गिब्सन यांचे नाव मिळाले ते याच ग्रंथात. पुढे निकोल डॅलझेल यांनी कोरांटीच्या एका जातीलाही त्यांचेच नाव दिले. वनस्पतिशास्त्रात एखाद्या सहकाऱ्याचा सन्मान करण्याची ही रीत आजही चालू आहे.

ग्रॅहम यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८३८मध्ये, गिब्सन दापुरीच्या बागेचे अधीक्षक झाले होते. या बागेची हकीकतही वेधक आहे. मूळ बंगला कॅप्टन फोर्ड यांचा. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी इंग्रजी पद्धतीने कवायत शिकवलेले पायदळ होते, त्याचे हे सेनापती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई जुंपली, तेव्हा दापुरीची ही पलटण नदी ओलांडून इंग्रजांना जाऊन मिळाली. पेशव्याच्या पैशाने उभी राहिलेली फौज पेशव्याच्याच विरुद्ध लढली. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी फोर्ड यांच्याकडून ही जागा घेतली आणि १८२८ साली तेथे सरकारी बाग सुरू केली. गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम या बंगल्यात असे. गिब्सन रुजू झाले त्याच वर्षी जुलैमध्ये गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचे येथेच निधन झाले.

बागेचा उद्देश शोभेपुरता नव्हता. कंपनी सरकारला उत्पन्न हवे होते. परदेशी कापूस, उसाच्या नव्या जाती, फळझाडे, इमारती लाकडाची झाडे यांची रोपे आणून येथे वाढवायची, टिकली तर वाटायची, असा तो व्यवहार होता. याखेरीज जुन्नरजवळ हिवरे येथे दुसरी बाग होती. तेथे औषधी वनस्पतींची लागवड होई आणि तयार माल लष्कराच्या औषध भांडारात जाई. विलायतेतून जहाजाने येणारी औषधे महाग पडत आणि येईपर्यंत निम्मी निकामी होत. येथील मातीत तीच औषधे स्वस्तात पिकवून दाखवणारा डॉक्टर सरकारला हवाच होता.

येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. ज्या माणसाचे नाव देशी झुडपाला चिकटले आहे, त्याच्या बागेचा मोठा भाग परदेशी झाडांनी भरलेला होता. गिब्सन यांनी १८४७ ते १८५०च्या दरम्यान एका चित्रकाराकडून बागेतील वनस्पतींची रंगीत चित्रे काढवून घेतली. दीडशेहून अधिक चित्रांचा हा संग्रह एडिंबरा येथील रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहे आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील पुष्कळ चित्रे अमेरिका आणि इतर खंडांतून आणलेल्या झाडांची आहेत. नव्याची हौस, दुर्मीळाचे कौतुक आणि दाराशी उगवते त्याकडे काणाडोळा ही बागवानाची जुनी खोड. गिब्सन तिला अपवाद नव्हते. फरक इतकाच, की बागेबाहेरचा मुलुखही ते डोळे उघडे ठेवून पाहत होते.

त्या पाहण्यातूनच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम उभे राहिले. कोकणात आणि घाटमाथ्यावर जंगलांची तोड बेसुमार वाढली होती. मुंबईच्या गोदीला सागवान हवे होते, शहराला सरपण हवे होते, महसूल खात्याला लागवडीखालील जमीन हवी होती. झाडी गेली की ओढे लवकर आटतात आणि खालच्या गावांतील शेती धोक्यात येते, असे गिब्सन १८४०च्या दशकात सरकारला कळवीत होते. असे लिहिणे त्या काळी सोपे नव्हते. जंगल तोडून जमीन नांगराखाली आणणे हीच प्रगती मानली जात होती. अखेर १८४७मध्ये सरकारने त्यांना मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक नेमले. अखिल हिंदुस्थानचे वन खाते डीट्रिख ब्रँडिस यांच्या हाताखाली सुरू झाले ते १८६४ साली, म्हणजे त्यानंतर १७ वर्षांनी. जंगलतोडीच्या परिणामांविषयी १८५१ साली ब्रिटिश असोसिएशनपुढे जो प्रसिद्ध अहवाल मांडला गेला, त्यात गिब्सन यांच्या निरीक्षणांचा आधार घेतलेला होता.

तथापि या कामाला दुसरी बाजूही होती. जंगल राखायचे म्हणजे कोणाला तरी जंगलातून बाहेर ठेवायचे. डोंगरउतारावर राब भाजून, जागा बदलत कुमरी शेती करणाऱ्यांवर निर्बंध आले. गिब्सन यांच्या मागून वन खात्याचा जाच वाढतच गेला. १८८३च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात महात्मा जोतीराव फुले यांनी जंगल खात्याच्या जुलमावर कोरडे ओढले आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोषामुळे सरकारला १८८५ साली चौकशी समिती नेमावी लागली. ओढे वाचवण्यासाठी सुरू झालेली व्यवस्था सरपणाच्या मोळीवर दंड करण्यापर्यंत पोहोचली. त्याचा सारा दोष पहिल्या वनसंरक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल; पण त्यांच्या कार्याचे गोडवे गाताना हे प्रकरण गाळणेही तितकेच अन्यायाचे.

गिब्सन १८६०मध्ये निवृत्त होऊन मायदेशी परतले. वनसंरक्षकपदाची सूत्रे डॅलझेल यांच्याकडे गेली. दुसऱ्याच वर्षी, १८६१मध्ये, या दोघांचा 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. इलाख्यात आढळणाऱ्या वनस्पतींची शास्त्रशुद्ध वर्णने देणारा हा ग्रंथ पुढील ४० वर्षे अभ्यासकांच्या हाताशी राहिला. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात आला, तोपर्यंत त्याला पर्याय नव्हता.

या ग्रंथातील तुळशीच्या कुळाची पाने आजच्या बागप्रेमीने आवर्जून चाळावीत. चौकोनी दांडा, समोरासमोर पाने, सुगंधी तेल आणि दोन ओठांसारखे उघडलेले फूल ही या कुळाची ओळख. गिब्सन व डॅलझेल ओठांचा आकार सांगतात, पुंकेसर मोजतात, फळातील चार इवल्या बिया सांगतात. फूल असे का, हा प्रश्न मात्र त्यांच्या शास्त्रात तेव्हा नव्हता. फुले आणि कीटक यांचे नाते जर्मनीच्या श्प्रेंगेल यांनी १७९३मध्येच मांडले होते, पण त्यांचा ग्रंथ दुर्लक्षित राहिला. डार्विन यांचे आमरींच्या परागीभवनावरील पुस्तक निघाले १८६२ साली, म्हणजे 'बॉम्बे फ्लोरा'नंतर एका वर्षाने.

आज ते कोडे उलगडलेले आहे. तुंबा अर्थात द्रोणपुष्पीचे पांढरे फूल घ्या. खालचा ओठ पसरट असतो; मधमाशी त्यावर उतरते. मध तळाशी, नळीत खोल. तो घेण्यासाठी तिने डोके आत घातले, की वरच्या ओठाच्या टोपीखाली दडलेले पुंकेसर तिच्या अंगाला घासतात आणि पराग चिकटतात. दुसऱ्या फुलात शिरताना तेच पराग तेथील कुक्षीवर पोहोचतात. तुळशीत रचना उलटी. तिचे पुंकेसर खालच्या ओठावर टेकलेले असल्याने पराग माशीच्या पोटाकडील बाजूस लागतात. सातेरी, फुलोरी, आग्या या आपल्या परिचित मधमाश्या, चिमुकल्या डंखहीन माश्या आणि पोटावर निळे पट्टे मिरवणाऱ्या एकट्या राहणाऱ्या माश्या या कुळातील फुलांवर दिवसभर फेऱ्या घालतात.

गिब्सन ज्या दख्खनमधून लस घेऊन फिरले, त्याच्या पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात बारामती तालुका येतो. वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागणारे कन्हेरी हे गाव वृत्तपत्रांच्या वाचकाला माहीत असते ते तेथील मारुतीमुळे, कारण पवार घराण्याच्या निवडणूक प्रचाराचा नारळ तेथे फुटतो. कालव्यांनी या भागात ऊस आणला. उसाला माशीची गरज नाही. परंतु डाळिंबाला तिची मदत होते आणि कांद्याचे बी धरायचे असेल किंवा सूर्यफुलाचे दाणे भरायचे असतील, तर तिच्यावाचून अडते. अशा मुलखात बांधावर आपोआप उगवणारा तुंबा हे माश्यांचे पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंतचे अन्न. महादेवाला वाहायचे हे फूल आज शेतकऱ्याच्या लेखी तण आहे आणि तणनाशकाच्या एका फवाऱ्यात त्याचा बांध स्वच्छ होतो. गिब्सन यांच्या काळातील कुऱ्हाडीचा आवाज तरी दूरवर ऐकू जात असे; हा फवारा निःशब्द असतो.

शहरातील बाल्कनीत या उणिवेची थोडी भरपाई करता येते आणि त्यासाठी दापुरीसारखी सरकारी बाग लागत नाही. तुळशीच्या मंजिऱ्या खुडण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मंजिरी धरली की रोप लवकर जून होते, हे खरेच. निम्म्या खुडाव्यात आणि निम्म्या फुलू द्याव्यात, म्हणजे रोपही टिकते व माशीही उपाशी जात नाही. सब्जा कुंडीत सहज येतो. तुंबा आणि गोपाळी यांचे बी पावसाळ्याच्या तोंडावर साध्या, फारसे खत न घातलेल्या मातीत टाकावे. ही माळरानाची झाडे आहेत, लाड केले तर पानेच वाढतात. अंगण मोठे असेल तर एका कोपऱ्यात पांगळी लावावी. कीटकनाशक मात्र या कोपऱ्यात चालणार नाही. निळ्या पट्ट्यांच्या माश्या मातीत आणि मातीच्या भिंतींत बिळे करून राहतात. तेव्हा अंगणभर फरशी बसवण्यापूर्वी हातभर जमीन उघडी सोडलेली बरी.

निवड करताना थोडी सावधगिरी हवी. स्वयंपाकघरातला पुदिना याच कुळातला असला तरी मूळचा परदेशी, आणि पाने खुडत राहिल्याने आपल्याकडे त्याला फुले क्वचितच येऊ दिली जातात. पुण्याच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला माजलेले उग्र वासाचे झुडूप, ज्याला काही जण रानतुळस समजतात, ते बहुतेक वेळा उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेले हिप्टिस असते. माश्या त्यावरही बसतात, म्हणून ते लावावेसे वाटते. पण एकदा पसरले की ते गवताला आणि तुंब्याला जागा ठेवत नाही. गिब्सन यांच्या नावाच्या लॅव्हेंडरबाबत तर हात आखडताच ठेवावा. ते पश्चिम घाटापुरतेच सीमित आहे. डोंगरावरून उपटून आणलेले रोप कुंडीत बहुधा मरते आणि डोंगरावरही एक कमी होते. त्याला भेटायचे असेल तर पावसाळ्यानंतर गडावर चढून जावे.

दापुरीची बाग स्वतः फार काळ टिकली नाही. गव्हर्नरांच्या निवासासाठी गणेशखिंड येथे नवी भव्य वास्तू बांधण्याचा निर्णय सर बार्टल फ्रिअर यांनी घेतला. आजचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ भरते ते याच वास्तूच्या आवारात. १८६५च्या सुमारास दापुरीची मालमत्ता निकालात निघाली व बागही मोडली. गणेशखिंड येथे १८७३ साली नवी वनस्पती बाग सुरू झाली. राज्य शासनाने २०२०मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. मधमाश्यांवर संशोधन व प्रशिक्षण करणारी केंद्रीय संस्थाही १९६२ साली याच गणेशखिंड रस्त्यावर उभी राहिली, हा योगायोग. फुले आणि माश्या यांचा संसार पुण्यात एकाच रस्त्याने जोडला गेला आहे.

बाग मोडल्याची वार्ता गिब्सन यांच्यापर्यंत पोहोचली असेल तेव्हा ते स्कॉटलंडमध्ये होते. १६ जानेवारी १८६७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. दापुरीच्या मातीत त्यांनी लावलेल्या झाडांचा हिशेब आज लागणे कठीण. ती कशी दिसत होती हे मात्र एडिंबऱ्यातील चित्रांवरून कळते. पानांच्या शिरा, पाकळीवरील छटा, देठावरची लव, सारे काही त्यांत रेखलेले आहे. ती चित्रे काढणारा कलावंत पोर्तुगीज-हिंदी वंशाचा होता, एवढीच त्याची ओळख शिल्लक आहे. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.